डब्यात काय आहे, हे घरात कोणाला माहीत असतं?

अन्न टाकू नये हे ज्याला पटत नाही, असा माणूस शोधूनही सापडणार नाही. पर्यावरणाच्या बाकी प्रश्नांवर वाद झडतात; या एका प्रश्नावर सगळ्यांचं एकमत आहे. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली मांडलेल्या हिशेबानुसार २०२२ या एका वर्षात १०५ कोटी टन अन्न दुकानांत, हॉटेलांत आणि घरांत पोचल्यानंतर कचऱ्यात गेलं. शेतातून निघून दुकानापर्यंत येताना जे सडतं, सांडतं ते यात धरलेलंच नाही. ते जगातल्या एकूण अन्नाच्या आणखी १३ टक्के. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा असा गेला आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. घरांत माणशी वर्षाला ७९ किलो, म्हणजे रोजचे दोनशे ग्रॅमहून थोडे जास्त. साली, बिया, हाडं असं खाता न येणारंही या वजनात आहे, तेव्हा सगळाच काही कोणाच्या तोंडचा घास नव्हता. तेवढी सूट दिली तरी आकडा बोचतोच.

त्याच अहवालातली दुसरी एक नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. श्रीमंत देशांतली घरं आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली घरं यांच्या सरासरीत माणशी जेमतेम ७ किलोंचा फरक निघाला. पैसा आला की माज येतो आणि अन्नाची किंमत राहत नाही, हे आपलं आवडतं स्पष्टीकरण या आकड्यापुढे टिकत नाही. ज्यांना परवडत नाही तेही टाकतात, ज्यांना टाकताना मनापासून वाईट वाटतं तेही टाकतात. सगळ्यांना पटलेली गोष्ट जर जवळपास कोणालाच जमत नसेल, तर ती आणखी एकदा पटवून देण्यात काय हशील? पण अन्नाच्या नासाडीवरचे बहुतेक सल्ले, फलक आणि भाषणं तेच करत बसतात.

माझं म्हणणं असं की घरातलं अन्न बहुतेक वेळा विस्मरणापायी वाया जातं. काय कुठे ठेवलंय आणि कधीपासून पडलंय हे लक्षात ठेवणं हे एक काम आहे, धुण्याभांड्यांसारखंच काम, आणि ते बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यावर असतं. ते वाटून घेतलं जात नाही, किंवा घराच्या मांडणीवरच सोपवलं जात नाही, तोवर टिकाऊ जीवनशैलीच्या नावाने सुचवलेली प्रत्येक नवी सवय त्या एकाच डोक्यावरचं ओझं वाढवते आणि नव्याचे नऊ दिवस सरले की सुटते.

अर्धा कोबी कसा वाया जातो ते पाहा. आणला त्या दिवशी अर्धाच लागला. उरलेला पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेला. रात्री घरातल्या एकाने बाहेर खाऊन आल्याचं ऐनवेळी सांगितलं, त्यामुळे भात उरला आणि दुसऱ्या दिवशी आधी तो संपवायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी घरी येता येता कोणीतरी पालेभाजीची जुडी घेऊन आलं, कारण ती ताजी दिसत होती आणि घरात कोबी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून आधी ती झाली. असं करत करत कोबी सापडला तेव्हा त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या. यात उधळेपणा कोणी केला? प्रत्येकाचा निर्णय त्या त्या वेळी बरोबरच होता. घरात काय आहे, किती आहे, कधीचं आहे, आज जेवायला कोण कोण आहे आणि आधी काय संपवायला हवं, या सगळ्या गोष्टी एकाच वेळी एका माणसाला ठाऊक असाव्या लागतात. ते माणूस त्या दोन दिवसांत दुसऱ्या कशात तरी अडकलेलं होतं, एवढंच झालं.

ते माणूस म्हणजे सहसा बाई. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ साली काढलेल्या हिशेबात जगभरच्या विनामोबदला घरकामाच्या आणि संगोपनाच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रियांचे निघाले, पुरुषांच्या तिपटीहून जास्त. स्वयंपाक तासांत मोजता येतो, भांडी मोजता येतात. पण अंघोळ करताना, प्रवासात, झोप लागण्याआधी ‘ते दूध उद्या संपवायला हवं’ हे जे मनात चालू असतं, ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

म्हणून ‘आठवड्याचा आहार आधी आखा, यादी करा, उरलेल्याचे नवे पदार्थ करा, साली साठवा, ओला कचरा वेगळा ठेवा, खत करा’ अशी सूचनांची सरबत्ती वाचली की मला पहिला प्रश्न पडतो: हे सगळं कोणी करायचं? सूचना देणाऱ्याने तो प्रश्न सोडवलेला नसतो. वाचणाऱ्याने मान डोलावलेली असते, आणि त्याच्या वतीने काम दुसरंच कोणीतरी करणार असतं.

उपदेशाचा आणखी एक तोटा असा की तो नेमकं शेवटच्या टोकाला पकडतो. ताटात टाकलेलं सर्वांना दिसतं, म्हणून बोलणी मुलाला बसतात. पण ताटात येईपर्यंत त्या अन्नाचं काय होणार हे बरंचसं ठरून गेलेलं असतं: किती विकत घेतलं, किती शिजवलं, किती वाढलं. मूल यातलं काहीच ठरवत नाही. शिवाय पोट भरल्यावर बळेच गिळलेल्या चार घासांनी नेमकं काय वाचतं? ते पिकवायला लागलेलं पाणी, खत आणि शिजवायला लागलेलं इंधन केव्हाच खर्ची पडलं. कचऱ्याच्या डब्याऐवजी पोटाचा वापर झाला, इतकंच. थोडं वाढावं आणि हवं तेवढ्या वेळा पुन्हा मागू द्यावं, याने मात्र खरोखर उरतं आणि उरलेलं उष्टं नसल्यामुळे पुन्हा खाता येतं.

‘काहीही टाकायचं नाही’ हा नियम हट्टाला पेटला की घातकही ठरतो. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये आणि फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताच्या बाबतीत तर हे अगदी काटेकोरपणे पाळायला हवं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातल्या उलट्या घडवणाऱ्या विषावर पुन्हा गरम करण्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे ‘चांगला उकळून घेतला की झालं’ हा समज खोटा आहे. बुरशीचंही तेच. पावासारख्या मऊ, सच्छिद्र पदार्थावर दिसणारा हिरवा ठिपका काढून उरलेलं खाणं ही काटकसर नव्हे, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. आणि असं शंकास्पद अन्न घरात कोणाच्या वाट्याला येतं? ‘तुम्ही ताजं घ्या, हे मी संपवते’ हे वाक्य कोण म्हणतं, ते सांगायला नको.

मग सवयी कोणत्या लावायच्या? माझी कसोटी एकच आहे: त्या सवयीने लक्षात ठेवण्याचं काम कमी झालं की वाढलं? या कसोटीला उतरणाऱ्या सवयी फार नाहीत, दिसायला अगदी साध्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा एकदाच काय ती मांडणी बदलून होतात.

पहिली म्हणजे फ्रिजमधला डोळ्यांसमोरचा एक कप्पा ‘आधी हे’ म्हणून राखून ठेवणं. उरलेलं शिजवलेलं, अर्धी कापलेली भाजी, उघडलेला डबा, मऊ पडू लागलेलं फळ, सगळं तिथेच. स्वयंपाकाला लागणाऱ्याने आणि मधल्या वेळी भूक लागलेल्याने आधी तिथे बघायचं. मग कोणाला विचारावं लागत नाही आणि कोणाला सांगावंही लागत नाही. दुकानदार हेच करतात: जुना माल पुढे, नवा मागे. घरात आपण नेमकं उलटं करतो. नवीन आणलेलं पुढे सरकवतो आणि जुनं मागच्या अंधारात जातं. फ्रिजचे खोल कप्पे या बाबतीत फारच वाईट. समोरून एका नजरेत दिसत नाही ते नसल्यात जमा. म्हणून काचेचे किंवा पारदर्शक डबे घेण्यावर खर्च करावा असं मी म्हणेन, दिसायला चांगले म्हणून नव्हे, झाकण न उघडता आतलं कळतं म्हणून. अपारदर्शक डबा असेल तर कागदी पट्टीवर तारीख टाकावी. नुसतं ‘भाजी’ असं लिहून उपयोग नाही, ती भाजीच आहे हे उघडल्यावर कळणारच असतं. कधीची आहे ते कळत नसतं.

दुसरं, काय कुठे ठेवायचं याचं थोडं शास्त्र एकदा शिकून घेतलं की रोज आठवावं लागत नाही. केळी, सफरचंदं, टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने आजूबाजूच्या भाज्याही लवकर पिवळ्या पडतात. (हा वायू ओळखला गेला तो गंमतीशीर रीतीने. एकोणिसाव्या शतकात रस्त्यांवर दिव्यांसाठी गॅस आला, तेव्हा गळक्या नळांजवळच्या झाडांची पानं अकाली गळू लागली. रशियातल्या दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून त्यातला दोषी घटक इथिलीन असल्याचं दाखवलं. फळं स्वतःच हा वायू तयार करतात हे सिद्ध व्हायला १९३४ उजाडलं.) तेव्हा पालेभाजी, काकडी, ब्रोकोली यांना या फळांपासून लांब ठेवणं, एवढ्या एका बदलाने त्यांना काही दिवस जास्त मिळतात. पालेभाजी कोरडी करून कापडात किंवा कागदात गुंडाळली तर ती चिकट होत नाही. पाव फ्रिजमध्ये ठेवला की बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, कारण त्यातला स्टार्च थंडाव्यात झपाट्याने पुन्हा घट्ट बसतो. तो फ्रीझरमध्ये मात्र चांगला टिकतो. फ्रिजच्या दारातली जागा सगळ्यात उबदार असते, कारण दार सारखं उघडतं, आणि आपण नेमकं दूध तिथे ठेवतो. फ्रिज बनवणाऱ्यांनीही बाटलीची जागा तिथेच ठेवली आहे, हे आणखी एक. फ्रिजमध्ये खरंच किती अंश आहेत हे एका साध्या थर्मामीटरने पाहावं. नुसत्या गोल बटणावरच्या आकड्यांवर विसंबू नये, ते अंश दाखवत नाहीत.

फ्रीझरचा उपयोग आपण बर्फ आणि आइस्क्रीम यांच्यापलीकडे फारसा करत नाही. उणे १८ अंशांवर जिवाणूंची वाढ थांबते. चव आणि पोत उतरतात, पण अन्न बिघडत नाही. ‘उद्या खाऊ’ असं म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेलं उद्या खाल्लं गेलं नाही तर परवा संशय येतो. त्याच रात्री फ्रीझरमध्ये टाकलेल्या वाटीला ती घाई नसते. एका वेळी एका माणसाला पुरेल एवढ्या वाट्यांत भरून ठेवलं तर उशिरा घरी येणाऱ्याचं जेवणही परस्पर सुटतं. फक्त एक पथ्य: फ्रीझर म्हणजे दोषी भावनेचं गोदाम होऊ देऊ नये. काय टाकलंय त्याची यादी दारावर चिकटवलेली नसेल, तर तिथेही विसरण्याचाच खेळ थोडा लांबतो.

खरेदीचं काय? बहुतेक सल्ले खरेदीच्या यादीने सुरू होतात. मी यादीला दुसरा क्रमांक देतो. पहिला क्रमांक निघण्यापूर्वी फ्रिजचा आणि फळीचा फोटो काढण्याला. यादी एकच माणूस करतो आणि ती त्याच्याजवळच राहते. फोटो घरातल्या सगळ्यांना पाठवता येतो, आणि येताना जुडी उचलणाऱ्यालाही घरातला कोबी दिसतो. आठवडाभराचा आहार आखून ठेवणं कागदावर फार देखणं दिसतं, पण ज्या घरात कोण कधी जेवायला असेल हे दुपारपर्यंत ठरत नाही, तिथे सगळे दिवस आखून भाज्या आणल्या की नासाडी वाढते. दोन-तीन दिवसांचं आखावं आणि एक दिवस मुद्दाम मोकळा सोडावा, त्या दिवशी ‘आधी हे’च्या कप्प्यातलं जे असेल ते. आणि ज्याचा बेत बदलला त्याने तो वेळेत कळवावा. अन्न वाचवण्याच्या सवयींत ही सवय कोणी मोजत नाही, पण तिला ना पैसे लागतात ना स्वयंपाक यावा लागतो.

आता यावर हमखास येणारा आक्षेप. घराघराला कशाला बोल लावता, दोष तर बाजारव्यवस्थेचा आहे. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. एकट्याने राहणाऱ्याला मोठंच पाकीट मिळत असेल, दोन पिशव्यांवर तिसरी फुकट असेल, तर घरी सडणारी तिसरी पिशवी दुकानाने स्वतःच्या शेल्फवरून आपल्या फ्रिजमध्ये हलवलेली असते. ब्रिटनमधल्या टेस्को या कंपनीने २०१३ साली स्वतःच जाहीर केलं होतं की पिशवीबंद सॅलडपैकी ६८ टक्के कुठे ना कुठे वाया जातं, आणि मोठ्या पिशव्यांवरच्या अशा योजना बंद केल्या.

तारखांचा घोळ त्याहून मोठा. पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख चव आणि ताजेपणा कधीपर्यंत उत्तम राहील एवढंच सांगते. ‘यूज बाय’ तारीख सुरक्षिततेची असते आणि ती पाळायलाच हवी. दोन्ही सारख्याच अक्षरांत, सारख्याच कोपऱ्यात छापल्यावर खाणाऱ्याने काय समजावं? युरोपीय आयोगाच्या २०१८ च्या अभ्यासात युरोपीय संघातल्या वाया जाणाऱ्या अन्नापैकी १० टक्क्यांपर्यंत अन्नाचा संबंध या तारखांशी जोडला गेला. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेने ताज्या फळभाज्यांवर प्रयोग केले तेव्हा ४ अंशांवर ठेवलेली सफरचंदं ‘बेस्ट बिफोर’ उलटून अडीच महिने होईपर्यंत चांगली राहिली. अशा फळावर तारीख छापायचीच कशाला? तिथल्या अनेक मोठ्या दुकानांनी २०२२ मध्ये बऱ्याच फळभाज्यांवरून ती काढून टाकली. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून ‘सेल बाय’ ही केवळ दुकानदाराच्या उपयोगाची तारीख ग्राहकाला दिसेल अशी छापायला १ जुलै २०२६ पासून मनाई केली. हे बदल कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त अन्न वाचवतात असं मला वाटतं, कारण त्यासाठी कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. उलट लक्षात ठेवण्याची एक गोष्ट कमी होते.

उरलेल्या निम्म्या आक्षेपाशी मात्र मी असहमत आहे. व्यवस्था बदलेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचं, असा त्याचा अर्थ काढला जातो. जपान आणि ब्रिटन या दोन देशांत अन्नाची नासाडी अनुक्रमे सुमारे ३१ आणि १८ टक्क्यांनी घटली, असं संयुक्त राष्ट्रांचा तो २०२४ चाच अहवाल सांगतो. दोन्हीकडे सरकार, दुकानं आणि घरं यांच्यावर एकदम काम झालं. २०१५ साली जगाने ठरवलेलं लक्ष्य तर २०३० पर्यंत दुकानांतली आणि ग्राहकांकडची माणशी नासाडी निम्म्यावर आणण्याचं आहे. घरांचा वाटा ६० टक्के असताना घरं वगळून ते गाठता येणार नाही, हा साधा हिशेब झाला.

खताबद्दल बोलायला हवं, कारण तिथे पर्यावरणप्रेमी घरं हमखास फसतात. घरी खत करणं चांगलंच. कचराभूमीत दबलेलं अन्न हवेविना कुजतं आणि मिथेन सोडतं. वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. वाळका पाला, कागद, पुठ्ठा असा सुका माल ओल्यात भरपूर मिसळून, हवा खेळती ठेवून कुजवलं तर मिथेन जवळपास होत नाही आणि मातीला काही परत मिळतं. पण खताचा डबा ठेवल्यावर टाकण्याची बोचणी जाते, आणि ती जाणं महागात पडतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात एक प्रयोग झाला. जेवायला आलेल्यांपैकी काहींना कचराभूमीतल्या अन्नाचे दुष्परिणाम सांगितले, तर त्यांनी कमी टाकलं. काहींना त्याच्या जोडीला सांगितलं की इथलं उरलेलं अन्न खतात जाईल. तो सुधार पुसला गेला. दक्षिण कोरियाने २००५ पासून अन्नकचरा जमिनीत गाडायला बंदी केली, २०१३ पासून टाकाल तेवढे पैसे भरा अशी पद्धत आणली, आणि आज तिथल्या ९५ टक्क्यांच्या आसपास अन्नकचऱ्याचं खत, पशुखाद्य किंवा इंधन होतं. विल्हेवाटीच्या बाबतीत हे विलक्षण आहे. पण कुजवून मिळालेल्या मूठभर खतात ते अन्न पिकवायला लागलेलं पाणी आणि वीज परत येत नाही. म्हणून माझ्या लेखी खत हे सालींसाठी आणि देठांसाठी आहे. तिथे भात आणि पाव रोज दिसू लागले तर प्रश्न खताच्या डब्याच्या अलीकडे आहे.

टिकाऊपणाच्या नावाने विकत घेतल्या जाणाऱ्या वस्तूंविषयी थोडक्यातच. सुती पिशवी, बांबूचा ब्रश, मधमाशीच्या मेणाचं कापड, यांत वाईट काही नाही. पण डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासानुसार नुसत्या हवामानबदलाचा निकष लावला तरी साधी सुती पिशवी पन्नासएक वेळा वापरल्यावर प्लास्टिकच्या एका पिशवीच्या बरोबरीला येते. दारामागे अशा डझनभर पिशव्या लटकत असतील तर तो हिशेब कधीच जमत नाही. अन्नातून होणाऱ्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वेष्टनांचा वाटा सुमारे ५ टक्के आणि वाहतुकीचा सुमारे ६ टक्के, असं २०१८ साली ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासातून दिसतं. बाकीचं जवळजवळ सगळं पिकवण्यात आणि त्यासाठी जमीन मोकळी करण्यात होतं. म्हणजे काकडीभोवतीच्या प्लास्टिकवरून वाद घालणारं घर जर ती काकडी निम्मी टाकून देत असेल, तर त्याने वाद चुकीच्या वस्तूवर घातला. काही वेळा ते पातळ प्लास्टिकच काकडीला जास्त दिवस टिकवतं, हे मान्य करायला आपल्यातल्या अनेकांना जड जातं.

आणि वाचलेले पैसे? जगभरच्या हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के वायूंचा संबंध सांडलेल्या आणि टाकलेल्या अन्नाशी आहे, विमानवाहतुकीच्या जवळपास पाचपट. पण अन्नावरचे वाचलेले पैसे वर्षाअखेरीस एका जादा विमानप्रवासावर गेले, तर त्या घराचा हिशेब पुन्हा होता तिथेच येतो. यावर माझ्याकडे तोडगा नाही, आणि तो नाही म्हणून अन्न टाकत राहावं असंही कोणी म्हणणार नाही.

अलीकडे या विस्मरणावर तंत्रज्ञानाचा उतारा सुचवला जातो. आत कॅमेरा असलेले फ्रिज आले आहेत, तारखा लक्षात ठेवणारी ॲप आहेत, ‘पालक आज संपवा’ अशी सूचना देणारे कार्यक्रम आहेत. मला त्यांचं वावडं नाही. पण कॅमेऱ्याला डबा दिसतो, डब्यात काय आहे आणि आज रात्री कोण जेवायला नाही हे दिसत नाही. ॲपमध्ये प्रत्येक वस्तू कोणीतरी भरावी लागते, संपली की काढावी लागते. म्हणजे लक्षात ठेवण्याच्या कामात आता नोंदवहीची भर पडते. आणि ‘पालक आज संपवा’ ही सूचना येते ती एकाच फोनवर, बहुधा त्याच, ज्याच्या मालकिणीला ते आधीपासून माहीत होतं. तेव्हा असं काही विकत घेण्याआधी एवढं विचारून घ्यावं, की त्याला घरातले सगळे फोन जोडता येतात का, आणि बाकीचे ते जोडून घेणार आहेत का.